लायडेनचा बुधवार आणि आपले सेमिनार

विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात शिरले की जिन्याजवळ एक सूचनाफलक दिसतो. परीक्षेचे वेळापत्रक, वसतिगृहाची नोटीस, हरवलेल्या कॅलक्युलेटरबद्दलची विनंती अशा कागदांच्या गर्दीत एक कागद दर आठवड्याला बदलतो. विभागीय सेमिनार, अमुक वार, दुपारी चार, वक्ते अमुक, चहा साडेतीन वाजता. शाळेत शिकवणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांची नजर या कागदावर थांबते. ती थांबायला हवी असे मला वाटते, आणि तरीही या लेखात मी त्या सेमिनारांविषयी बरीचशी तक्रारच करणार आहे.

सेमिनारची कल्पना साधी आहे. विभागातला किंवा बाहेरून आलेला एखादा संशोधक सध्या आपण काय करतो आहोत हे तासभर सांगतो. ऐकायला प्राध्यापक असतात, संशोधन करणारे विद्यार्थी असतात, एम. एस्सी.चा वर्ग असतो. दाराशी सहसा कोणी अडवत नाही. आपल्या हातातल्या पाठ्यपुस्तकात एखादी गोष्ट येते तेव्हा तिच्यावरचे वाद मिटून वीस-पंचवीस वर्षे तरी झालेली असतात. सेमिनारमध्ये तीच गोष्ट अजून ओली असते. कुठला भाग पक्का आहे, कुठला अंदाज आहे, कुठे दोन गटांचे आकडे जुळत नाहीत, हे तिथे कळू शकते. विज्ञान हे तयार उत्तरांचे गाठोडे नाही, असे आपण वर्गात म्हणतो. ते प्रत्यक्ष पाहण्याची याहून सोपी जागा नाही.

प्रत्यक्षात काय दिसते ते सांगतो. गेली काही वर्षे जमेल तेव्हा मी अशा सेमिनारांना मागच्या बाकावर बसत आलो आहे. वक्त्याची ओळख करून देण्यात सात-आठ मिनिटे जातात. त्यात पदव्या, पारितोषिके आणि शोधनिबंधांची संख्या येते, पण त्याला कोणता प्रश्न सतावतो ते येत नाही. मग दिवे मंद होतात. पूर्वी पारदर्शिका असत. त्या हाताने बदलाव्या लागत, त्यामुळे वक्त्याला श्वास घ्यावा लागे आणि आपल्यालाही. आता बटण दाबले की पुढची स्लाइड. एका सेमिनारमध्ये मी सहज मोजल्या : पंचावन्न मिनिटांत बासष्ट. म्हणजे एका स्लाइडला मिनिटही नाही, आणि काहींवर तीन-तीन आलेख. शेवटी ‘काही प्रश्न?’ असे विचारले जाते. शांतता. मग विभागातले एक ज्येष्ठ प्राध्यापक एक प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर त्यांना ठाऊक असते, वक्त्यालाही ठाऊक असते. टाळ्या होतात, शाल-श्रीफळ दिले जाते, आणि सगळे उठतात.

त्या दिवशी चहाच्या वेळी एम. एस्सी.च्या एका मुलाला मी विचारले, “काय रे, कळलं का?”

“दहाव्या मिनिटाला सुटलं, सर.”

“मग विचारलं का नाहीस?”

“सगळ्यांना समजतंय असं वाटलं.”

बाकीच्या तिघा-चौघांनाही मी हेच विचारले. त्यांचेही दहाव्या-पंधराव्या मिनिटालाच सुटले होते, आणि प्रत्येकाला सुटलेले आपण एकटेच आहोत असे वाटत होते. मराठीत आपण सेमिनारला ‘चर्चासत्र’ म्हणतो. त्या दिवशी सत्र झाले, चर्चा झाली नाही. पण मला खरी काळजी वेगळी वाटते. हा मुलगा दोन वर्षांत अशा पन्नास सेमिनारांना बसेल आणि त्यातून एक गोष्ट मात्र पक्की शिकेल : न कळता चेहरा कळल्यासारखा कसा ठेवावा. त्यातलीच काही मुले पुढे आपल्या शाळांत शिक्षक म्हणून येतात.

एखाद्या गोष्टीला नावे ठेवायची तर ती कशाच्या तुलनेत हे सांगायला हवे. माझ्यापुढे हॉलंडमधल्या लायडेन विद्यापीठाची सेमिनारमाला आहे. पाउल एरेनफेस्ट १९१२ मध्ये तिथे प्राध्यापक म्हणून आला आणि त्याने ती सुरू केली. दर बुधवारी संध्याकाळी भरणारी ही सभा आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. बाहेरून आलेल्या वक्त्याने व्याख्यानानंतर भिंतीवर सही करायची, असा तिथला रिवाज. त्या सह्यांची भिंत जपून ठेवलेली आहे आणि तिच्यावर आइन्स्टाइन, बोर अशी नावे आहेत. पण सह्यांसाठी मी तिची आठवण काढत नाही.

एरेनफेस्ट हा व्हिएन्नाचा, जन्म १८८० चा, बोल्टझमानचा विद्यार्थी. त्याची पत्नी तात्याना अफानासियेवा ही रशियन गणिती. संख्याशास्त्रीय यामिकीच्या पायाची झाडाझडती घेणारा दोघांचा मिळून लिहिलेला दीर्घ लेख आजही वाचला जातो. तात्यानाला शाळेत भूमिती कशी शिकवावी या प्रश्नाचा ध्यास होता आणि त्यावर तिने पुस्तिकाही लिहिल्या; शिक्षकांच्या मासिकात तिच्यावर कधीतरी स्वतंत्र लेख यायला हवा. १९०७ पासून पाच वर्षे हे जोडपे सेंट पीटर्सबर्गला राहिले. तिथे एरेनफेस्टला कायमची नोकरी मिळाली नाही, पण आपल्या घरी तरुण भौतिकशास्त्रज्ञांची बैठक त्याने चालवली. लायडेनला लोरेंट्झने आपल्या जागेसाठी त्याचे नाव सुचवले तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता आणि त्याच्या नावावर मोठा म्हणावा असा शोध नव्हता. लोरेंट्झने काय पाहिले असेल? माझ्या मते, कुठल्याही गोंधळातून नेमका मुद्दा बाहेर काढण्याची त्याची ताकद.

बुधवारच्या सभेत वक्त्याला सलग बोलता येत नसे. काही अस्पष्ट वाटले की एरेनफेस्ट मध्येच थांबवी. या साऱ्यात गंमत कुठे आहे, बाकी सगळे ज्यावर फिरते तो बिंदू कुठला, हे तो विचारी. वक्त्याने गणित मांडले तर गणिताआधी त्याला साध्या भाषेत काय म्हणायचे आहे ते सांगावे लागे. आधी समजावून सांगा, सिद्धता नंतर द्या, हा क्रम त्याच्या विद्यार्थ्यांनी आयुष्यभर लक्षात ठेवला. आपल्याला कळले नाही हे सगळ्यांत मोठ्याने सांगणारा माणूस त्या खोलीतला मुख्य प्राध्यापकच असे. पहिल्या रांगेतला प्राध्यापकच ‘थांबा, मला कळलं नाही’ म्हणत असेल, तर मागच्या रांगेतल्या मुलाला लाज वाटण्याचे कारण उरत नाही.

त्याचे स्वतःचे लेखनही असेच, शाळकरी वाटणाऱ्या प्रश्नांचे. १९१७ मध्ये त्याने एक निबंध लिहिला : अवकाशाला तीनच मिती आहेत हे भौतिकशास्त्राच्या नियमांत कुठे दिसते? आता पाहा, गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते हे आपण नववी-दहावीत शिकवतो. ते वर्गाच्या का, घनाच्या का नाही? बिंदूपासून निघालेला प्रभाव गोलाच्या पृष्ठभागावर पसरतो आणि तीन मितींत गोलाचे पृष्ठफळ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून. मिती चार असत्या तर आकर्षण घनाच्या व्यस्त प्रमाणात कमी झाले असते. ग्रहाला बाहेर ढकलू पाहणारा फिरण्याचा परिणामही, कोनीय संवेग कायम ठेवला तर, अंतराच्या घनाच्याच व्यस्त प्रमाणात बदलतो. मग दोन्ही एकाच पद्धतीने घटतात आणि त्यांचा तोल सावरणारे काही उरत नाही. ग्रहाला किंचित धक्का लागला की तो सूर्यात तरी कोसळेल, नाहीतर दूर तरी निघून जाईल. तीन मितींत मात्र जवळ आलेला ग्रह पुन्हा बाहेर जातो आणि बाहेर गेलेला परत येतो. हा युक्तिवाद अकरावीच्या हुशार मुलाला फळ्यावर अर्ध्या तासात सांगता येतो. तरीही तो एका जागतिक कीर्तीच्या प्राध्यापकाच्या शोधनिबंधात आला, कारण तो प्रश्न तोपर्यंत कोणी इतका सरळ विचारला नव्हता.

अशा खोलीचा फायदा काय, याचे उत्तर १९२५ मध्ये मिळाले. ही हकिकत प्रत्येक शिक्षकाला माहीत असावी अशी आहे.

चुंबकीय क्षेत्रात अणूंच्या वर्णपटातल्या रेषा फुटतात. त्या ज्या तऱ्हेने फुटत होत्या त्याचा तेव्हाच्या अणुसिद्धांताशी मेळ बसत नव्हता. पाउलीने त्या वर्षाच्या सुरुवातीला दाखवले की प्रत्येक इलेक्ट्रॉनला तीनऐवजी चार पुंज अंक द्यावे लागतील. चौथ्या अंकाचा अर्थ मात्र कुणाला लागत नव्हता. राल्फ क्रोनिग नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाला सुचले की इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरत असावा. त्याने ही कल्पना पाउलीला सांगितली. पाउलीने ती हसण्यावारी नेली. क्रोनिगने ती छापली नाही.

काही महिन्यांनी लायडेनमध्ये उलेनबेक आणि गौडस्मिट या एरेनफेस्टच्या दोन विद्यार्थ्यांना हेच सुचले. एक चोवीस वर्षांचा, दुसरा तेवीस. त्यांनी ते एरेनफेस्टला सांगितले. हे एकतर फार महत्त्वाचे आहे किंवा निव्वळ मूर्खपणा आहे, असे त्याचे मत पडले. एक छोटे टिपण लिहून माझ्याकडे द्या आणि लोरेंट्झना विचारा, असे त्याने सांगितले. लोरेंट्झ तेव्हा निवृत्त होता, पण आठवड्यातून एकदा व्याख्यानाला लायडेनला येई. त्याने हिशेब करून पाहिला आणि मोठी अडचण दाखवली : इलेक्ट्रॉन खरोखर गोळ्यासारखा फिरत असेल तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या कितीतरी पट येतो.

ही अडचण आपणही बारावीच्या वर्गात तपासू शकतो. इलेक्ट्रॉन भरीव गोळा मानू. जुन्या सिद्धांताप्रमाणे त्याची त्रिज्या २.८ × १०⁻¹⁵ मीटर, वस्तुमान ९.१ × १०⁻³¹ किलोग्रॅम, आणि कोनीय संवेग प्लांकच्या स्थिरांकाला ४π ने भागून येतो तेवढा, म्हणजे सुमारे ०.५३ × १०⁻³⁴ जूल-सेकंद. भरीव गोळ्याचा कोनीय संवेग दोन पंचमांश गुणिले वस्तुमान गुणिले त्रिज्या गुणिले विषुववृत्तावरचा वेग. यातून वेग काढला तर तो सेकंदाला सुमारे ५ × १०¹⁰ मीटर येतो. प्रकाशाच्या जवळजवळ १७० पट!

दोघे तरुण घाबरले आणि टिपण मागे घ्यायला एरेनफेस्टकडे गेले. त्याने ते आधीच छापायला पाठवून दिले होते. तुम्ही दोघे तरुण आहात, एखादा मूर्खपणा तुम्हाला परवडेल, असे त्याने त्यांना सांगितले. नोव्हेंबर १९२५ मध्ये ते छापून आले. इलेक्ट्रॉनचे परिवलन, ज्याला आपण स्पिन म्हणतो, ते असे जगापुढे आले. इलेक्ट्रॉन हा फिरणारा गोळा नाही हे पुढे स्पष्ट झाले. लोरेंट्झचा आक्षेप चित्राला लागू होता, चौथ्या अंकाला नाही. गणितात दोनच्या पटीची एक चूक राहत होती, ती १९२६ मध्ये थॉमसने सोडवली.

पाउलीवर दोष ठेवण्यासाठी मी हे सांगत नाही. त्याचा संशय निराधार नव्हता, आणि क्रोनिगची गोष्ट घडली ती सेमिनारमध्ये नव्हे, खासगी बोलण्यात. पण कल्पना एकच होती, आक्षेपही एकाच जातीचे होते. एका ठिकाणी आक्षेपाने कल्पना मिटली, दुसऱ्या ठिकाणी आक्षेप आणि कल्पना दोन्ही टेबलावर राहिल्या. कडक प्रश्न विचारणे आणि माणसाला गप्प करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे ‘सेमिनारमध्ये वक्त्याला कोंडीत पकडले’ असे कौतुकाने सांगितले जाते, तेव्हा मला क्रोनिग आठवतो.

एन्रिको फर्मीही असाच. १९२३ मध्ये तो ग्योटिंगेनला होता, त्या काळच्या सर्वांत नामवंत केंद्रात, आणि तिथून तो आपल्या कुवतीविषयी साशंक होऊन परतला. पुढच्या वर्षी तो काही महिने लायडेनला राहिला. एरेनफेस्टने त्याच्या कामात रस घेतला, शाबासकी दिली, आणि त्याचा आत्मविश्वास परत आला. याउलट ओपेनहायमर १९२८ मध्ये आला तो हुशारीने ओसंडत. त्याने काही आठवड्यांत डच शिकून त्या भाषेत व्याख्यान देऊन सगळ्यांना चकित केले. पण त्याच्या विचारांत शिस्त कमी आहे हे एरेनफेस्टने ओळखले आणि त्याला झुरिकला पाठवले. कोणाकडे, तर पाउलीकडे! कोणाला शाबासकी हवी आणि कोणाला कान पिळणारा हवा, हे ज्याला कळते तो शिक्षक. आइन्स्टाइनने एरेनफेस्टच्या मृत्यूनंतर लिहिताना, आपल्या व्यवसायात पाहिलेला सर्वोत्तम शिक्षक म्हणून त्याचा गौरव केला आहे.

आता दुसरी बाजू. लायडेनची सभा आजच्या अर्थाने खुली नव्हती. एरेनफेस्टने बोलावले तरच विद्यार्थ्याला तिथे जागा मिळे आणि एकदा जागा मिळाली की दर आठवड्याला यावेच लागे. हजेरी घेतली जाई. सगळी सभा एका माणसाच्या स्वभावावर उभी होती. त्याचे मध्ये मध्ये थांबवणे सर्वांना मानवले असेल असेही नाही. आणि हा प्रश्नांचा चाबूक त्याने सर्वांत जास्त स्वतःवर चालवला. १९२५ नंतरचे क्वांटम भौतिकशास्त्र ज्या वेगाने आणि ज्या गणिती भाषेत पुढे गेले, ते त्याला मनापासून पटेपर्यंत पुढचे पाऊल पडलेले असे. एक किस्सा सांगतात की त्याने एका पोपटाला ‘पण हे भौतिकशास्त्र नव्हे, महाशय’ असे बोलायला शिकवले होते आणि क्वांटमवरच्या चर्चांचे अध्यक्षपद त्या पोपटाला द्यावे असे तो म्हणे. किस्सा हसण्याचा आहे, पण त्यातले दुखणे खरे होते. १९३२ मध्ये त्याने एका जर्मन नियतकालिकात क्वांटम यामिकीविषयी चौकशीवजा काही प्रश्न छापले. हे प्रश्न बाळबोध ठरतील या भीतीने आपण ते दाबून ठेवले होते, असे त्याने म्हटले. जो माणूस वीस वर्षे इतरांची ही भीती घालवत होता, त्याची ही स्थिती. पुढच्या वर्षी त्याच नियतकालिकात पाउलीने त्या प्रश्नांना सविस्तर उत्तर दिले. प्रश्न बाळबोध नव्हतेच. सप्टेंबर १९३३ मध्ये एरेनफेस्टने मतिमंद असलेल्या आपल्या धाकट्या मुलाचा जीव घेऊन आत्महत्या केली. त्यामागे घरचे, पैशाचे, मनाच्या आजाराचे अनेक धागे होते आणि त्या घटनेचे समर्थन कशानेच होत नाही. लायडेनचे गुणगान करताना हे पान फाडून टाकणे मला बरोबर वाटत नाही, इतकेच.

तेव्हा लायडेनची नक्कल करा, असे मी म्हणत नाही. मोजपट्टी म्हणून त्यातली एकच गोष्ट घ्यायची : ‘मला कळले नाही’ हे वाक्य त्या खोलीत कोण म्हणू शकतो?

यावर प्राध्यापक मंडळींचे एक उत्तर असते आणि ते फेटाळण्यासारखे नाही. १९२५ चे भौतिकशास्त्र छोटे होते, म्हणतात ते. आज एकेका प्रयोगात हजार-हजार लोक असतात. घन-अवस्था भौतिकीवाल्याला कणभौतिकीची परिभाषा कळत नाही. मध्ये मध्ये थांबवत राहिलो तर वक्ता आपल्या निष्कर्षापर्यंत पोचायचाच नाही. हे खरे आहे. मग न पोचू दे, असे माझे म्हणणे आहे. निष्कर्ष छापील निबंधात वाचता येतो. माणूस समोर बोलावला आहे तो जे निबंधात नसते त्यासाठी : कुठला मार्ग फसला, कुठल्या आकड्यावर त्याचा अजून पूर्ण विश्वास नाही, शंका कुठे उरली.

आणि आजच्या विषयातही साधा प्रश्न चालतो, याचे उदाहरण मी स्वतः पाहिले आहे. गुरुत्वीय लहरींवर सेमिनार होता. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोच्या दोन उपकरणांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. एकमेकांपासून सुमारे तीन हजार किलोमीटरवर असलेल्या या दोन उपकरणांत तीच थरथर सात मिलिसेकंदांच्या अंतराने आली. प्रत्येक उपकरणाला काटकोनात दोन भुजा, चार-चार किलोमीटर लांबीच्या. आणि भुजेच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान. असेच उपकरण आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायला केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली, त्यामुळे सभागृह भरलेले होते. वक्ता विसाव्या स्लाइडवर असताना बी. एस्सी.ची एक मुलगी उभी राहिली. “सर, लहर आली की अवकाशच ताणलं जातं, तर मग त्यातल्या प्रकाशाची तरंगलांबीही तेवढीच ताणली जाणार ना? मग पट्टीच लांब झाली. मोजणार कशानं?”

मागून कोणीतरी हसले. वक्ता हसला नाही. त्याने हातातले बटण खाली ठेवले, दिवे लावायला सांगितले आणि खडू घेतला. हा फार चांगला प्रश्न आहे, यावर १९९७ मध्ये पीटर सॉल्सन यांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये अख्खा लेख लिहिला आहे, असे सांगून त्याने फळ्यावर दोन भुजा काढल्या. लहर येते त्या क्षणी भुजेत असलेला प्रकाश ताणला जातो हे बरोबर, म्हणाला. पण तो तिथे किती वेळ राहणार? चार किलोमीटर जायला प्रकाशाला सुमारे तेरा मायक्रोसेकंद लागतात. आरशांमध्ये त्याच्या पुष्कळ फेऱ्या होतात हे खरे, तरी जुना प्रकाश बाहेर पडत राहतो आणि लेसरमधून ताजा प्रकाश आत येत राहतो. त्याची तरंगलांबी लेसर ठरवतो, भुजा नाही. या ताज्या प्रकाशाला लांब झालेल्या भुजेतून जाऊन यायला जास्त वेळ लागतो, आखूड झालेल्या भुजेतून कमी. दोन्ही परत येऊन मिळतात तेव्हा त्यांच्या शिखरांचा मेळ बिघडलेला असतो. आपण मोजतो तो हा उशीर. म्हणजे पट्टीपेक्षा ते घड्याळ आहे असे समजा.

यात पंधरा मिनिटे गेली. पुढच्या वीस-एक स्लाइड राहून गेल्या. पण त्यानंतर सभागृह बदलले. एका मुलाने विचारले की रस्त्यावरून ट्रक गेला तर? दुसऱ्याने विचारले की सातच मिलिसेकंद का? (प्रकाशाच्या वेगाने तीन हजार किलोमीटर कापायला दहा मिलिसेकंद लागतात, म्हणजे सात बसतात, आणि त्यावरून लहर कुठल्या बाजूने आली याचा अंदाज करता येतो.) विभागातल्या एका वयस्क प्राध्यापकांनी मोठ्याने सांगितले, की ही तरंगलांबीची शंका मला कित्येक वर्षे होती, विचारायची लाज वाटत होती. त्या दिवशी मी घरी जाऊन जे लिहून काढले ते पुढे दोन वर्षे माझ्या वर्गात वापरले.

या प्रसंगात वक्ता चांगला निघाला, ही नशिबाची गोष्ट झाली. विभागाने ती नशिबावर सोडू नये. मुलांचे प्रश्न आधी, प्राध्यापकांचे नंतर, एवढा एक नियम केला तरी पुष्कळ फरक पडेल. ओळखीची सात मिनिटे वाचवून त्यात विभागातल्याच कोणीतरी फळ्यावर आजचा प्रश्न काय आहे ते मांडावे. सूचनाफलकावरच्या कागदावर व्याख्यानाचा सारांश असतो, तो एम. एस्सी.च्या एखाद्या विद्यार्थ्याला आधी वाचायला द्यावा आणि त्याला न कळलेले शब्द बदलावेत. यातले काही न करता वर्षभरात किती सेमिनार झाले याचा आकडा मूल्यांकन समितीसाठी फायलीत जात राहील, तोवर सेमिनारांची संख्या वाढत जाईल आणि पहिल्या दहा मिनिटांत सुटणाऱ्यांचीही.

आणि आपण शिक्षकांनी? तिथे जाताना आपण उगाच दबून जातो, मीही जात असे. तासाभराचे सगळे कळले पाहिजे हा हट्ट सोडून द्यावा. विभागातल्या निम्म्या लोकांनाही सगळे कळत नसते. आदल्या दिवशी विषय पाहून आपल्याला खरोखर पडलेला एक प्रश्न कागदावर लिहून न्यावा. शक्य तर अकरावी-बारावीची दोन मुले बरोबर न्यावीत, मागच्या नव्हे तर दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसावे, आणि वक्ता प्रश्नाच्या जवळून निघून चालला की हात वर करावा. तुम्ही शाळेचे शिक्षक आहात हे कळल्यावर वक्ते चिडतात असा माझा अनुभव नाही. उलट बहुतेक जण जरा सावकाश बोलू लागतात, आणि शेजारी बसलेली एम. एस्सी.ची मुले आपल्या वह्या उघडतात.